तीनदा धुतलेली टाकी

टाकी फुटली त्याच्या चौथ्या दिवशी शाळेतल्या सरांचा निरोप आला, की त्यांच्या मोटारसायकलची टाकी कधीपर्यंत मिळेल.

निरोप आणला शेजारच्या पंक्चरवाल्याने. तो दुकानाच्या पायरीवरच थांबला आणि हवेच्या नळीचं टोक बोटांत फिरवत हळूच म्हणाला, "वहिनी, सरांचा फोन होता. तुमचा लागत नाही म्हणे. टाकीचं काय झालं विचारत होते. रोज बसनं जावं लागतंय त्यांना."

ती भिंतीवरची काजळी पुसत होती. चार दिवस दवाखाना, घर आणि मुलाची शाळा यातून दुकान उघडायला वेळ झाला नव्हता. आज उघडलं तर भिंतीवर छतापर्यंत पंख्यासारखा काळा डाग उमटलेला, आणि त्याखाली मामंजींचं बसायचं लाकडी स्टूल आडवं पडलेलं.

"काय विचारत होते?"

"टाकीचं."

"मामंजींचं नाही?"

पंक्चरवाल्याने नळीकडे पाहिलं. "विचारलं ना. आधी तेच विचारलं. कसे आहेत म्हणाले. मग टाकीचं."

तो खोटं बोलतोय हे तिला कळलं. चांगुलपणाने बोलतोय हेही कळलं, म्हणून त्याला ती काही बोलली नाही. फडकं मात्र बादलीत असं आपटलं की काळं पाणी त्याच्या पायांपर्यंत उडालं.

तिचं दुकान झाळकामाचं, फुटका पत्रा आगीनं सांधायचं. गाड्यांचे रेडिएटर, फुटके पाइप, बंब, आणि सगळ्यात जास्त मोटारसायकलींच्या गळक्या टाक्या. टाकी आतून गंजते, बुडाशी पेट्रोलच्या कॉकजवळ सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि पेट्रोल ठिबकायला लागतं. लोक साबण लावतात, लांबी लावतात, चिकटपट्टी लावतात; चार दिवसांनी पुन्हा वास. मग कोणीतरी सांगतं, मिस्त्रींकडे जा. मिस्त्री म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं ते आगीशी बसले होते. मुलाला धंद्यात ओढायचा खूप प्रयत्न केला, पण त्याला गॅसचा टॉर्च पेटल्याचा आवाज ऐकूनच घाम फुटायचा. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायला लागला, आणि लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सूनच सासऱ्यासमोर बसली. लोक हसले. सुनेच्या हातात लाटणं द्यायचं सोडून टॉर्च दिला म्हणाले. मामंजी म्हणाले, "हात स्थिर आहे तिचा. तुमच्यातल्या कोणाचा आहे?"

टाकीच्या बाबतीत त्यांनी तिला पहिल्या दिवशी जे सांगितलं ते ती झोपेतही म्हणू शकली असती. टाकी आपण धुवायची. गिऱ्हाईक म्हणालं धुतलीय, तरी धुवायची. उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा घालून, आत खडी टाकून खळखळवायची, ओतायची, पुन्हा भरायची, असं तीनदा. मग नाक लावायचं. वासाचा एवढासा अंश लागला तरी चौथ्यांदा. आणि झाळताना आत काठोकाठ पाणी, फक्त जिथं झाळ द्यायची तेवढाच भाग वर. यात रात्र जाते, म्हणून दुकानाबाहेर पाटीच होती: टाकी दुसऱ्या दिवशी मिळेल.

टाकी फुटली त्या दिवशी ती गॅसचा सिलिंडर बदलून आणायला गेली होती. परत आली तेव्हा रस्त्यावर माणसं उभी होती आणि पंक्चरवाल्याने मामंजींचे दोन्ही हात स्वतःच्या पाण्याच्या टबात धरून ठेवले होते. ज्या टबात तो ट्यूब बुडवून भोक शोधायचा त्यात. मामंजी ओरडत नव्हते. फक्त "टॉर्च बंद केला का कोणी," एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते.

पंक्चरवाल्याने सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं. "सर म्हणाले, तीनदा धुतलीय, उन्हात वाळवलीय, संध्याकाळपर्यंत द्या. मिस्त्रींनी झाकण काढलं, नाक लावलं. मी पाहिलं वहिनी, नीट हुंगली. मग म्हणाले, ठीक आहे, शाळा सुटल्यावर या. सर गेले. आणि पाणी भरायच्या आधीच, भोकापाशी रंग जाळायला टॉर्च नेला तर भक्कन..."

उजवा डोळा गेला. तळहात भाजले. डॉक्टर म्हणाले, डावा वाचला हे नशीब. मामंजी म्हणाले, "माझीच चूक." आल्यागेल्याला तेच सांगत होते, जणू टाकी त्यांनीच घरून आणली होती. नवरा दूर कुठल्यातरी धाब्यावरून फोनवर म्हणाला, "जाऊ दे. सर मोठे माणूस, त्यांच्याशी वाकडं कशाला? बाबा स्वतःच म्हणतायत ना चूक झाली."

"तू ये आधी," ती म्हणाली.

"माल उतरवतो आणि निघतोच."

या सगळ्यात तिला एकच गोष्ट पटत नव्हती. मामंजींनी हुंगली, तर वास कसा आला नाही? विचार करकरून तिने ठरवलं की सरांनी आत सुगंधी साबण घातला असणार, वास मारायला. शिकलेला माणूस, त्यात रसायनशास्त्र शिकवणारा. त्याला काय कठीण.

आणि आता हा निरोप. टाकी कधी मिळेल. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोपऱ्यात पडलेली टाकी तिने पोत्यात घातली, शटर ओढलं आणि शाळेची वाट धरली.

फाटकाशी शिपायाने अडवलं. "सरांची टाकी आणलीय," ती म्हणाली. तो एकदम हसला. "बरं झालं बाई, रोज बसच्या नावानं बोटं मोडतात. जिन्यानं वर, प्रयोगशाळा."

प्रयोगशाळेत नववीचा वर्ग होता. लांब टेबलं, टेबलांवर काचेची नळकांडी, बर्नरच्या निळ्या ज्योती. सर फळ्याशी उभे. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोटांना खडू. तिला पोत्यासकट दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, तुम्ही स्वतः आणलीत? मी आलो असतो."

मिस्त्री भाजले एवढंच त्यांनी ऐकलं असावं; त्यांना खरंच वाटलं होतं की टाकी दुरुस्त होऊन आली. ते पाहून तिच्या मनात जो काही थोडा संकोच होता तोही गेला. "आधी ते दिवे बंद करायला सांगा," ती म्हणाली. सरांनी गोंधळून मुलांना बर्नर बंद करायला लावले. ती पुढच्या टेबलापाशी गेली आणि पोतं उलटं केलं.

टाकी गालफुगी आल्यासारखी दोन्ही बाजूंनी फुगली होती. बुडाची शिवण वीतभर उसवलेली, पत्र्याच्या कडा बाहेर वळलेल्या. लाल रंग जळून खाली काळे फोड आलेले. मागच्या बाकांवरची मुलं उठून उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुमच्याच विषयातलं आहे, म्हणून इथंच विचारते. पेट्रोलनं भरलेली टाकी जास्त धोक्याची, की रिकामी केलेली?"

"आपण बाहेर बोलू या."

"कोणीही सांगा," ती मुलांकडे वळली.

पहिल्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. कोणी प्रश्न विचारला की हात वर करायचा, एवढंच बहुधा तिला ठाऊक. तिने हात वर केला. "रिकामी. पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. रिकामीत वाफ असते आणि हवापण असते."

"कोणी शिकवलं?"

"सरांनी. मागच्या महिन्यात."

सरांनी खडू टेबलावर ठेवला. तो घरंगळून खाली पडला, तो कोणी उचलला नाही.

"तीनदा धुतली म्हणालात. किती वेळा धुतली होती?"

"हे बघा, बाई..."

"एकदा तरी?"

"विसळली होती."

"कशानं?"

"पाण्यानं." त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग आवाज जरा चढवून म्हणाले, "आणि गिऱ्हाईक काय, काहीही सांगेल. बघून घेणं मिस्त्रींचं काम आहे. चाळीस वर्षांचा अनुभव आहे ना त्यांना?"

हे बोलणं तिला लागलं, कारण चार दिवस तीही मनात तेच घोळवत होती. पण त्यांच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

"त्यांचंच काम आहे," ती म्हणाली. "म्हणून तर डोळा त्यांचा गेला, तुमचा नाही. टाकी इथंच ठेवते. पोरांना दाखवायला उपयोगी पडेल."

जिना उतरताना छातीतून कोणीतरी दगड काढून घेतल्यासारखं हलकं वाटत होतं, आणि दवाखान्यापर्यंतचा रस्ता तिने जवळजवळ पळतच कापला.

पुरुषांच्या वॉर्डात मामंजी खिडकीजवळच्या खाटेवर टेकून बसले होते. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी, दोन्ही हात मनगटापर्यंत गुंडाळलेले. हात मांडीवर असे उताणे ठेवलेले, जणू ते दुसऱ्या कोणाचेतरी आहेत आणि सांभाळायला दिलेत. तिने डबा उघडला आणि मऊ भाताचा एकेक घास भरवत शाळेत काय घडलं ते सगळं सांगितलं. त्या मुलीचं उत्तर तर दोनदा सांगितलं.

त्यांनी चावायचं थांबवलं. "पोरांसमोर?"

"पोरांसमोर."

"ते बरं नाही केलंस."

"का? त्यांची अब्रू जाते म्हणून? तुमचा डोळा गेला त्याचं काय? आतमध्ये साबण घातला असणार त्यांनी, वास मारायला, नाहीतर तुम्हाला..."

"साबण नव्हता."

"तुम्हाला काय माहीत?"

मामंजींनी डावा डोळा खिडकीकडे वळवला. बाहेर दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या.

"साबण होता की नव्हता मला माहीत नाही," ते म्हणाले. "पेट्रोल होतं की नव्हतं, तेही माहीत नव्हतं. मला वास येत नाही, सूनबाई. कशाचाच. दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना मला, पंधरा दिवस. त्यात नाक गेलं ते परत आलंच नाही."

तिने घास डब्यात परत ठेवला.

मग एकामागून एक सगळं आठवायला लागलं. शेगडीवर दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला होता आणि शेजारच्याच खुर्चीत मामंजी पेपर वाचत होते. ती केवढी ओरडली होती, आणि ते म्हणाले होते, लक्ष नव्हतं. एका सकाळी दुकानात शिरताच गॅसचा भपकारा आला होता, आणि मामंजी टॉर्च पेटवायला चकमक हातात घेऊन उभे होते. तिने धावत जाऊन सिलिंडरचा कॉक बंद केला. ते म्हणाले होते, "सर्दी झालीय जरा." त्या दिवशी तिने त्यांना आल्याचा काढा करून दिला होता.

"आणि रोज टाकीला नाक लावत होतात, ते?"

"सवय."

"सवय नाही. मला दाखवायला."

मामंजींनी गुंडाळलेले हात मांडीवर जरा मागे ओढले.

"दोन वर्षं. दोन वर्षं मी तुमच्यासमोर हातभरावर बसते. माझा मुलगा शाळेतून येऊन तिथं अभ्यास करतो."

"टाकी तू धुतेस ना," मामंजी म्हणाले. "तू धुतलेल्या टाकीला हुंगायची गरज काय? तुझ्या हातची टाकी मी डोळे मिटूनसुद्धा झाळली असती. मी स्वतःशी ठरवलं होतं, तू धुतलेलीच घ्यायची. दोन वर्षं तसंच केलं."

"मग त्या दिवशी का नाही थांबलात? तासाभरात आले असते मी."

"सर घाईत होते."

"तर सांगायचं, सून येऊ दे."

मामंजींचा चेहरा पट्टीखाली आक्रसला. "सुनेची वाट बघतो म्हणून सांगू? चाळीस वर्षं मिस्त्री म्हणवून घेतलं मी. सरांना काय सांगू, की माझं नाक गेलंय, आता टाकी रिकामी आहे की भरलेली ते मला सूनच सांगते? तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी मला स्टुलावरून उठवलं असतंस."

"उठवलं असतं."

"मग."

"तर आज दोन डोळे असते तुम्हाला."

तिने भरवायचं थांबवलं नाही, पण घास मोठे मोठे व्हायला लागले. मामंजी मुकाट्याने गिळत राहिले. डबा संपला, तिने झाकण लावलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं, चादर नीट केली. पलीकडच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "काय सेवा करते हो सून." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कूस बदलली.

पुढचे तीन दिवस ती सगळं वेळेवर करत राहिली, आणि मामंजींशी बोलली नाही. राग एकावर असला तर त्याला दिशा असते. तिचा राग तिघांत वाटला गेला होता, आणि तिसरी ती स्वतः. करपलेलं दूध ज्याला कळत नाही त्याच्या नाकावर आपण दोन वर्षं विश्वास टाकला. चकमक हातात घेतलेला माणूस पाहिला आणि काढा करून दिला. भिंत घासता घासता ती स्वतःला शिव्या देई, मग सरांना, मग मामंजींना, आणि पुन्हा पहिल्यापासून. काजळी जात नव्हती. शेवटी पंक्चरवाल्याने चुना आणून दिला.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला सर पायरीशी उभे. खांद्यावर तेच पोतं. शर्टाला आज इस्त्री नव्हती.

"टाकी आणलीय," ते म्हणाले.

"दिसतंय. नवी घ्या."

"गाडी जुनी आहे, नवी टाकी निघत नाही आता. दोन ठिकाणी नेली. दोन्हीकडे म्हणाले, ही मिस्त्रींचा डोळा घेतलेली ना, आम्ही हात लावणार नाही." त्यांनी पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "काल मिस्त्रींना भेटायला गेलो होतो. ते म्हणाले, सुनेकडे जा."

म्हणजे मामंजींचं परस्पर गिऱ्हाईकपण घेऊन झालं. तिने हातातला चुन्याचा ब्रश डब्यात उभा केला.

"त्यांना काय म्हणालात?"

"खरं सांगितलं. पेट्रोल ओतून टाकलं, तांब्याभर पाणी घातलं, हलवलं, ओतलं. एकदाच. वाळवलीबिळवली नाही. तुमच्या पाटीवर लिहिलंय, दुसऱ्या दिवशी मिळेल. धुतलीय म्हटलं की त्याच दिवशी कराल असं वाटलं."

"का हवी होती त्याच दिवशी?"

तिला काहीतरी मोठं ऐकायचं होतं. घरात कोणी आजारी, कोणाला गाडीवर आणायला जायचं, असलं काही. तसं असतं तर रागाला निदान टेकायला जागा झाली असती.

"तसं काही नव्हतं," सर म्हणाले. "बसनं जायचा कंटाळा आला होता."

एवढ्यासाठी. एका संध्याकाळच्या बसच्या कंटाळ्यासाठी. त्या क्षणी टाकी रस्त्यावर भिरकावून द्यावी असं तिच्या हातांना फार वाटलं.

"पोरं गप्प असतात आता वर्गात," सर म्हणाले. "मी काही सांगितलं की लिहून घेतात, पण बघतात अशी..."

"मी पोरांसमोर बोलले ते मामंजींना आवडलं नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला आवडलं."

सरांनी मान हलवली. त्यांनी ते मान्य केलं की नुसतं ऐकून घेतलं, ते कळलं नाही.

"मी करून देईन," ती म्हणाली. "पण धुवायची तुम्ही. इथं, माझ्यासमोर. आणि झाळताना धरायची तुम्ही. माझ्यासमोर मामंजी बसायचे, ती जागा रिकामी आहे."

तिला वाटलं होतं ते निघून जातील. त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि बाह्या वर केल्या.

सबंध दिवस गेला. तिने मागच्या अंगणात, मोरीपाशी चूल पेटवून पाणी उकळत ठेवलं आणि टाकी चुलीपासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. सरांनी सोडा घातला, खडी घातली, उसवलेल्या शिवणीवर ओलं पोतं दाबून टाकी पोटाशी धरली आणि खळखळवली. पाणी गंजाचं, तांबडं, तवंग आलेलं निघालं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. त्यांचा शर्ट लाल चिखलाने माखला, हात उलले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आता?" तिने तोंडाशी नाक नेलं. श्वास आत ओढताना तिला मामंजी आठवले, रोज असेच वाकणारे, डोळे मिटून, काहीही न येणारा श्वास ओढणारे. ती सरळ झाली.

"पुन्हा."

"वास येतोय?"

"मी सांगते म्हणून पुन्हा."

चौथ्यांदा ते स्वतःच उठले. दुपारी पंक्चरवाल्याने तिघांना चहा आणला. सरांनी कप दोन्ही हातांनी धरून घेतला, एवढे हात थकले होते.

फुगलेला पत्रा तिने लाकडी हातोडीने ठोकून ठोकून आत बसवला. एकेक ठोका असा बसत होता की पंक्चरवाला दोनदा डोकावून गेला. शिवणीच्या कडा घासून चकचकीत केल्या, एकमेकींवर आणल्या, तारेने आवळल्या. कॉकजवळचं गंजलेलं भोक, ज्याच्यापायी हे सगळं रामायण झालं, ते हरभऱ्याएवढंसुद्धा नव्हतं. त्यावर नव्या पत्र्याचं ठिगळ बेतलं. मग टाकी पालथी केली, आत शिवणीच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरलं, पाण्याची वाफ जायला कॉकची जागा उघडी ठेवली.

"बसा," ती म्हणाली. स्टूल तिने पुढे सरकवलं. "दोन्ही हातांनी धरा. तोंड बाजूला. आणि हलायचं नाही."

सर बसले. टाकीवर हात ठेवले. ज्याने जन्मभर पोरांना ज्वलन शिकवलं त्या माणसाने टॉर्च पेटल्याचा फटकारा ऐकला आणि डोळे घट्ट मिटले.

"डोळे उघडा. मामंजी डोळे उघडे ठेवून बसायचे."

त्यांनी उघडले. ती ज्योत बारीक करत होती, पिवळी, मग निळी, मग टोकदार. सरांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथेच लोंबत राहिला. हात थरथरत होते, टाकीतलं पाणी आत डचमळत होतं. तिने ज्योत मागे घेतली आणि थांबली. थरथर कमी झाल्यावर पुन्हा जवळ नेली, पुन्हा थरथर, पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी सर तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आत पाणी आहे. वाफेला जागा नाही." स्वतःलाच शिकवत असल्यासारखे.

"नाही," ती म्हणाली. "मीच तपासलंय."

पत्रा लाल झाला. तिने पितळेची कांडी टाकणखारात बुडवली, कडेला लावली, पितळ वितळून शिवणीत धावत गेलं. या कामात तिला नेहमी शांत वाटायचं. आज वाटलं नाही. राग होता तसाच होता, फक्त मनगटापाशी येऊन थांबत होता, पुढे ज्योतीपर्यंत जात नव्हता. सरांची भीती तिला दिसत होती. ती बघायला मिळाली म्हणून बरं वाटेल असं तिला सकाळी वाटलं होतं. बरं वाटलं नाही. एक घाबरलेला, थकलेला माणूस टाकी धरून बसला होता, एवढंच.

गार झाल्यावर भोकं बंद करून हवा भरली, शिवणीवर साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा आला नाही. सरांनी वाकून दोनदा पाहिलं.

"रंग?"

"रंग दुसरीकडून लावा."

त्यांनी टाकी पोत्यात घातली. पायरीवर जाऊन वळले, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि निघाले. बसस्टॉपच्या दिशेने.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा मामंजी जागेच होते. पावलांच्या आवाजावरून तिला ओळखून त्यांनी मान वळवली. तिने डबा काढला. तीन दिवसांनंतर तेच आधी बोलले.

"आले होते?"

"आले होते."

"शिवण कशानं घेतलीस?"

"पितळेनं."

"ठिगळ आतून की बाहेरून?"

"बाहेरून. आतून हात जातो का?"

"नाही जात," ते म्हणाले. जरा वेळाने, "त्याचा हात हलला नाही?"

"हलला. मी थांबले."

त्यांनी मान डोलावली. घास घेतला. आज घास नेहमीएवढे होते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांना धीर आला.

"पुढच्या आठवड्यात सोडणार म्हणतात डॉक्टर. हात बरे व्हायला महिना लागेल. मग मी दुकानात काय करायचं, ते सांग."

"टाकीला हात लावायचा नाही."

"ते कळलं. काय करायचं, ते विचारतोय."

"माहीत नाही. माझा राग गेला की सांगेन."

"कधी जाईल?"

"तुम्हाला कसली घाई आहे?" ती म्हणाली, आणि पुढचा घास त्यांच्या तोंडाशी नेला.